सगळ्यांचं होईपर्यंत

भाजलेल्या बोंबलाचा वास काही केल्या लपत नाही. पण सुंदराच्या घरातली माणसं जेवायच्या वेळी रोज तोच उद्योग करत होती. मधलं दार लोटलेलं, खालच्या फटीत गोणपाट कोंबलेलं, आणि आत चौघं बसून चोरासारखी जेवत होती. पापड तर घरातून हद्दपारच झाला होता. कुरकुर आवाज बाहेर गेला तर?

बाहेर ओटीवर सुंदरा एकटी. समोर वाटी, वाटीत मुगाचं गाळलेलं पाणी, हातात पोरांचा असतो तसला इवलासा चमचा. साखर आटोक्यात येईना, गुडघे अंगाचा भार घेईनात, म्हणून मुंबईला नेऊन तिचं पोटच लहान करून आणलं होतं. अजून कितीतरी दिवस भात नाही, भाकरी नाही, मासळीचं तर नावच नाही. चमचाभर प्यायचं, थांबायचं, छातीशी दाटलं नाही तर पुढचा चमचा. एवढीशी वाटी, पण संपता संपत नव्हती.

"काय गो सुंदरा," शेजारची जिवली अंगणातूनच ओरडली, "पोट आटवलं म्हंतात ते खरं? ब्लाउजला टीप मारतात तसं?"

"तसंच."

"नि उसवलं तर?"

सुंदराला हसू फुटलं. लगेच पोटाचे टाके ताणले, तशी तिनं दोन्ही हातांनी पोट धरलं. "ये ना गो, बस जरा."

"नको बाई. तुझ्यापुढं मी चहा कसा पिऊ? पाप लागंल."

"मग नको पिऊ. नुसती बस."

"नुसती कशी बसू? आल्या माणसाला चहा दिल्याबिगर तुझी सासू सोडंल का?" जिवलीनं पदर खोचला आणि ती निघूनही गेली. सगळ्यांना सुंदराची दया येत होती, म्हणून कुणीच तिच्याजवळ बसत नव्हतं.

आतून कुजबुज ऐकू आली. तिची लेक भावना काहीतरी रंगवून सांगत होती. मग कमळाकर, सुंदराचा नवरा, खो खो हसला. तोच सासूचा आवाज आला, "श्श्श! ऐकंल ना ती!" आणि आतलं हसू कुणी नळ बंद करावा तसं थांबलं.

सुंदरानं चमचा वाटीत ठेवला. वाटी उचलली आणि भिंतीला धरून उठली. दार ढकललं आणि पायानं गोणपाट बाजूला सारलं.

चार हात चार ताटांत थबकले. कमळाकरनं झटकन बोंबलावर भाकरी झाकली.

"काय झालं? दुखतंय का?"

"नाय."

"मग काय पायजे?"

"जागा."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. सासू, बाईजा, काकुळतीला आली. "अगो, आमी इथं खानार नि तू बघत बसनार? तुला तरास होईल."

"मला भूक नाय लागत आता, आत्या," सुंदरा म्हणाली. "पन तुमी हसता ते बाहेर ऐकू येतं."

बाईजा सरकली. सुंदरा पोट सांभाळत हळूहळू तिच्या शेजारी खाली बसली आणि तिनं वाटी पुढं ठेवली. कमळाकरनं थोडा वेळ वाट पाहिली, मग बोंबलावरची भाकरी उचलली.

"सांग ना काय सांगत होतीस ते," सुंदरा लेकीला म्हणाली.

भावनाला तेवढंच हवं होतं. "अगं आई, विज्ञानाला बेडूक आणायचा होता ना, तर वर्गातल्या चांगोनं जेवणाच्या डब्यातून आणला. नि मास्तरांचा डबा अगदी तस्साच! मधल्या सुट्टीत मास्तरांनी झाकण उघडलं..."

"पळाला?"

"कोण, बेडूक का मास्तर?" सुंदराचा धाकटा दीर भगीरथ म्हणाला, आणि सगळ्या पंगतीला हसू फुटलं. सुंदराही हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "हसवू नका रे, मरंन मी!"

ताटं रिकामी झाली. पण कुणी उठलं नाही. पंगतीतल्या शेवटच्या माणसाचं होईपर्यंत हात धुवायला उठायचं नाही, ही त्या घरातली रीत होती. भावनाच्या बोटांवरचं कालवण वाळलं. कमळाकर नखानं ताटावर टकटक करत राहिला. भगीरथला भाजी घेऊन बाजाराला जायचं होतं. धसईहून आलेला टेम्पो बाहेर हॉर्न वाजवत होता.

"थांब रे!" भगीरथ बसल्या जागेवरूनच ओरडला. "वैनी जेवतेय अजून!"

सुंदरानं मान खाली घातली. एक चमचा. थांबली. आणखी एक. थांबली. भावनानं दुसरी गोष्ट सुरू केली. ती पहिलीइतकी काही मजेदार नव्हती, तरी सगळे हसले. हॉर्न पुन्हा वाजला.

मग चमचा वाटीच्या तळाला लागला. सुंदरानं पंगतीकडं पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. चमचा उचलला, तोंडात घातला, घोट गिळला. थांबली. पुन्हा वाटीत घातला, पुन्हा तोंडाशी नेला.

बाईजा अगदी शेजारी बसली होती. तिनं वाटीत पाहिलं. वाटी कोरडी होती.

"सावकाश गो," ती म्हणाली. "कुनाला घाई नाय."