डावीकडची टाकी

डावीकडच्या काचेच्या टाकीतले सगळे मासे पोट वर करून तरंगत होते. उजवीकडचे मात्र पाहुणचाराला आल्यासारखे मजेत फिरत होते.

अभयने कपाळाला हात लावला. मनातून मात्र त्याला बरंच वाटलं.

रंगाच्या कारखान्याचा तो व्यवस्थापक. शुद्ध केलेल्या सांडपाण्यात मासे चार दिवस जगले तर परवाना, मेले तर कुलूप. ते पाणी शुद्ध करणारं यंत्र कल्याणीने मरमर खपून उभं केलं होतं. अभयचा त्यावर काडीचाही विश्वास नव्हता. तिने नमुन्याचा कॅन दिला, तेव्हा त्याने गुपचूप आणखी एक कॅन स्वतःच्या केबिनमधल्या नळावर भरला. त्यावरही कंपनीचं नाव घालून सही ठोकली आणि दोन्ही कॅन इथे, खराडीच्या प्रयोगशाळेत दिले. एक तरी पास होईलच. पुण्याचं नळाचं पाणी! माणसं पितात, माशांना काय धाड भरलीय?

"बघा, कल्याणीबाई, तुमची करणी," तो म्हणाला. "यांच्या अंत्यविधीचा खर्च तुमच्या पगारातून कापू?"

"सर, मी रोज पाणी तपासत होते."

"पाणी, की घड्याळ?" त्याने उजव्या टाकीवर टिचकी मारली. मासे दचकले. "हे बघा. याला म्हणतात पाणी! उद्यापासून यायची तसदी घेऊ नका."

कल्याणीने गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं.

प्रयोगशाळेच्या प्रमुख नाजिमा मॅडम टाक्यांजवळ आल्या. त्यांनी चष्मा पुसला.

"सर, टाकीवरची चिठ्ठी वाचायची पद्धत आहे आमच्याकडे. उजवीकडचं पाणी यांच्या यंत्राचं. मेलेत ते तुमच्या दुसऱ्या कॅनच्या पाण्यातले. त्यात क्लोरीन निघालं, नळाला असतं तेवढंच. माणसांना चालतं, माशांना नाही."

अभयचं बोट काचेवरच राहिलं. कल्याणी एकदा माशांकडे आणि एकदा त्याच्याकडे बघत राहिली.

"मग अडचण काय?" तो घाईघाईने हसला. "तो कॅन चुकून आला असं समजा. उजवीकडचा तेवढा धरा."

"चुकून कसा, सर? त्यावर नाव तुमच्या कंपनीचं, सही तुमची," नाजिमा मॅडम म्हणाल्या. "दोन्हींचा अहवाल सकाळीच प्रदूषण मंडळाकडे गेला."