न सरकणारी गाठ

"छातीत चरबीची गाठ आहे, आजी. काळजी करू नका," तरुण डॉक्टर नाझनीन मुल्ला म्हणाली.

पंचाऐंशी वर्षांच्या शैलजाबाई वैशंपायन यांनी नकारार्थी मान हलवली. कर्करोगाची लस त्यांनीच शोधली होती. त्या संशोधनात उभी हयात गेली. पण ती लस चाळिशीच्या आत घेतली तरच लागू पडे, आणि ती तयार झाली तेव्हा त्या स्वतः सेहेचाळीस वर्षांच्या होत्या. नाझनीनच्या पिढीच्या डॉक्टरांनी हा रोग फक्त पुस्तकात वाचला होता.

"पुन्हा हात लाव," त्या म्हणाल्या. "चरबीची गाठ बोटाखाली सरकते. ही सरकते का?"

"नाही." नाझनीनचा चेहरा उतरला. "कडाही खडबडीत लागतात. आजी, चुकले मी. असं कधी पाहिलंच नव्हतं."

शैलजाबाई मनातून घाबरल्या होत्या. तरी त्या पोरीचा गोंधळ पाहून त्यांना भरून आलं. तिला ही गाठ ओळखता येऊ नये, यासाठीच तर सारी धडपड केली होती.

"माझ्या वयाच्या, लस न मिळालेल्या बायका अजून आहेत गावोगाव. नीट शिकून घे," त्या म्हणाल्या, आणि तिचा हात धरून त्यांनी काखेकडे नेला. "आता इथं बघ, पसरलाय का ते."