पदराआड

"नीट आठवून सांगा," पेटंटचं काम बघणारी वकील पल्लवी फोनवर म्हणाली. "मार्चमध्ये आपण इथला पेटंटचा अर्ज केला. त्याआधी तुमचं हे बोंडलं बाहेरच्या कुणी पाहिलं होतं?"

चैताली 'नाही' म्हणणार, तेवढ्यात तिची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. लताबाई, तिच्या सासूबाई, पिंकीला मांडीवर घेऊन दूध पाजत होत्या. बोंडल्याची चोच पिंकीच्या ओठांत, आणि त्यावर नेहमीसारखा पदर. उष्टावण. फेब्रुवारीतलं. पंचवटीतला हॉल आणि दोन्हीकडचं झाडून सगळं गणगोत.

"बघून सांगते," ती म्हणाली.

जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स... तिकडच्या सगळ्या देशांसाठी मिळून एकच अर्ज आज संध्याकाळी जाणार होता. कॉलेज रोडच्या ऑफिसात पल्लवीने आधीच बजावलं होतं, युरोपात या बाबतीत माफी नाही. इथल्या पहिल्या अर्जाआधी चारचौघांत एकदा जरी दाखवलं असेल, तर ती वस्तू नवी राहत नाही. सगळे देश एका फटक्यात जातात. आणि तिथली कंपनी बोंडलं बाजारात काढायला तयार होती ती पेटंट असेल तरच.

पिंकी दिवस भरायच्या आत जन्मलेली. एकदा दूध पिताना गुदमरून निळी पडली. तेव्हापासून चैताली तिचा घोट न् घोट कान देऊन ऐकायची. त्या धास्तीतूनच ही चोच निघाली. आरपार दिसणारी, आत पातळ पाकळी. बाळाने ओढलं की उघडते, थांबलं की मिटते. नोकरी सुटल्यावर स्वतःचं म्हणावं असं तिच्या हातून झालेलं हे एवढंच.

"आई, उष्टावणाला पिंकीला कशानं पाजलं होतं?"

"खीर मामानं चाटवली. मग पोर लागली रडायला, म्हणून तुझ्याच बोंडल्यानं मी दूध पाजलं. दुसऱ्यानं घेती कुठं ती?"

"सगळ्यांसमोर?"

"मग काय उपाशी ठेवू लेकराला?"

चैतालीने फोन हातात घेतला. पेटंटचं तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हतं, हे खरं. पण पाजायला आतली खोली होती की! पाहुण्यांच्या गडबडीत आपण त्या वेळी कुठे होतो, हेही तिला धड आठवेना. तिने नणंदेला, ज्योत्स्नाला, मेसेज केला. त्या दिवसाचं असेल नसेल ते सगळं पाठव.

फोटो येऊ लागले. ती एकेक बोटांनी मोठा करून बघू लागली. पिंकीचं टोपडं. लताबाईंचा हात. हिरवा पदर. पुढच्यातही पदर. त्याच्या पुढच्यातही. चोच कुठेच नाही.

लताबाई खांद्यावरून डोकावल्या. "एवढं काय बघती? लय माणसं होती त्या दिवशी. खातापिताना लेकराला नजर लागती. झाकूनच पाजलं मी."

याच पदरावरून दोघींचे कितीदा खटके उडाले होते. पोरीचा श्वास कोंडेल, हे चैतालीचं पालुपद. आणि नजरबिजर काही नसतं, हे वर. आता तिला वाटलं, उठून त्यांचे पाय धरावेत. तिने पल्लवीला लिहायला घेतलं, 'कुणीही पाहिलेलं नाही.'

पाठवणार, तोच ज्योत्स्नाचा मेसेज वाजला. व्हिडिओ होता. 'हा राहिलाच होता गं वहिनी.'

हॉल. गलका. हिरवा पदर. मग कडेने चुडा भरलेला एक हात आला आणि पदर दूर झाला. कॅमेरा जवळ सरकला. चोच स्वच्छ दिसली, आतल्या पाकळीसकट. भोवती बायका वाकल्या. आणि पाठोपाठ एक आवाज, कौतुकाने फुललेला, चैतालीचा स्वतःचा:

"आई, राहू द्या हो तो पदर बाजूला. बघू द्या ना सगळ्यांना, पाकळी कशी उघडते ते."