मोकळी पिशवी

“ही पिशवी कुणी उलटवली न्हाय?”

सयाजी सरांच्या आवाजानं मुरगूडजवळच्या त्या तळ्यावरची बदकंसुद्धा गप्प झाली. पक्ष्यांच्या पायात ओळखीच्या कड्या घालायला सरांसोबत आलेली कॉलेजची पोरं होती तिथंच थबकली. बाभळीला बांधलेल्या दोरीवर कापडी पिशव्या लटकत होत्या. जाळ्यातला पक्षी पिशवीत ठेवायचा आणि तो बाहेर काढला की पिशवी उलटवून टांगायची. सरांचा पहिला नियम हा, आणि शेवटचाही हाच.

“मी, सर,” शिवलीला म्हणाली. “पण मोकळीच हाय की ती.”

“मोकळी हाय हे पिशवीनं सांगायचं, तू न्हाय. आज पक्ष्याला हात लावायचा न्हाय. बस तिकडं.”

ती लांब दगडावर जाऊन बसली. कान लालेलाल झाले होते.

थोड्या वेळानं जाळ्यात एक वटवट्या सापडला. पण बोरू वटवट्या की धान वटवट्या? दोघंही मातकट, दोघंही चिमणीहून लहान, बघाल तर सख्खे भाऊ. भुवईची रेघ आणि पंखातल्या पिसांची लांबी हातात धरून बघायची, तेव्हा कुठं कळतं. सरांनी पट्टी लावली, चष्मा वर केला, खाली केला. ठरेना. “दुसरा शेजारी धरला की कळंल,” असं पुटपुटत त्यांनी तो पिशवीत घातला. दोरीवर वाऱ्यानं गारठेल म्हणून पिशवी स्वतःच्या जॅकेटच्या खिशात ठेवली. दुष्ट नव्हता माणूस.

दुसरा आला तो असा, की शेजारी काही धरायची गरजच उरली नाही. ठसठशीत पांढरी भुवई, तिला वरून काळी कड. धान वटवट्या, या तळ्यावर पहिल्यांदाच. सरांना आभाळ ठेंगणं झालं. फोटो निघाले, कोल्हापूरला फोन गेले, अभिनंदनं आली. कडी घालून पक्षी सोडला. ऊन चढलं तसं सरांनी जॅकेट काढून मोटारसायकलच्या सीटवर टाकलं.

दुपारी आवराआवर सुरू झाली. सरांचा राग केव्हाच उतरला होता.

“शिवलीला, जॅकेटात चावी हाय बघ. आण गं जरा.”

तिनं खिशात हात घातला. हाताला लागली ती पिशवी.

“सर, ही उलटवलेली न्हाय.”

सर हसत वळले. “मोकळी...” एवढंच बोलले आणि त्यांना सकाळचा पहिला वटवट्या आठवला. ते होते तिथंच, मातीत खाली बसले.

कुणी हललं नाही. कापडाआडून शिवलीलाच्या बोटांना काहीतरी लागत होतं, आणि तेही हलत नव्हतं.

“हात घालू, सर?”

तिचा टोमणा नव्हता. सकाळचा हुकूम अजून कुणी मागं घेतला नव्हता.

सरांनी नुसती मान डोलावली.

तिनं पक्षी काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. आता तो फडफडत नव्हता, चोच मारत नव्हता. भुवई, पिसं, सगळं निवांत बघता आलं असतं. सरांनी चष्मा लावला नाही.

शिवलीलानं पिशवी उलटवली, झटकली आणि दोरीवर बाकीच्या पिशव्यांशेजारी नीट टांगली.