ओलं गोणपाट

मातीच्या घराचं वेड आसावरीचं. शहराबाहेर, येलहंक्याच्या पुढे घेतलेल्या प्लॉटवर ती आणि पुरुषोत्तम दर शनिवार-रविवार माती नि पेंढा पायांनी तुडवायचे आणि गोळे लावत भिंत चढवायचे. संध्याकाळी ती भिंतीच्या माथ्यावर अंगठ्याने खोल भोकं पाडायची आणि वर ओलं गोणपाट पांघरायची. माथा ओला राहिला तरच पुढचा थर त्याला धरतो. मग चिखलाने माखलेला अंगठा नवऱ्याच्या अंगठ्यावर दाबून म्हणायची, "पुढच्या वेळी इथूनच सुरू."

भिंत कमरेएवढी झाली आणि आसावरी डेंग्यूने गेली.

त्यानंतर पुरुषोत्तम थेट भर उन्हाळ्यात आला तो प्लॉट विकायचं ठरवूनच. जमिनीला भेगा पडल्या होत्या. भिंतही खाली तडकली होती. गोणपाट मात्र ओलंचिंब होतं.

शेजारच्या प्लॉटची राखण करणाऱ्या बाईंना त्याने विचारलं, "गंगव्वा, भिंतीवर पाणी तुम्ही मारता का?"

"न्हाई अण्णा. बोअर कवाच आटलीया. मला वाटलं, तुमीच येऊन जाताय."

त्याने गोणपाट उचललं. खालची भोकं ताजी होती, तिच्या अंगठ्याएवढी बारीक. त्यांच्या कडांवर नुकताच वर आलेला चिखल चमकत होता.

इतके दिवस अडलेलं रडू तेव्हा फुटलं. हुंदके देत त्याने एका भोकात आपला अंगठा घातला.

तळाच्या मातीतून एक अंगठा वर आला आणि त्याच्या अंगठ्यावर दाबून राहिला. तो गार नव्हता.