खालचा अर्धा दगड

परदेशातल्या लढाईत मेलेल्या आमच्या गावच्या अठरा पोरांची नावं दगडावर कोरायचं काम माझ्याकडे आलं. पहिलंच नाव माझ्या थोरल्याचं होतं.

पलटणीत पोरं भरती करणारे साहेब म्हणाले, "मिस्त्री, अक्षरं बारीक ठेवा. खालचा अर्धा दगड कोरा सोडा, पुढे लागेल."

पुढे लागेल म्हणे. धाकट्याला भरतीचं पत्र कालच आलं होतं. डोक्यात सणक गेली, पण मी मान डोलावून छिन्नी उचलली.

अनावरणाला पडदा सरकला. चार बोटं उंच अक्षरांत, वरच्या कडेपासून पार तळापर्यंत, फक्त अठरा नावं.

साहेब दातओठ खात कानाशी आले. "आता पुढची नावं कुठे टाकायची?"



"दगड भरलाय, साहेब. आता पोरं पाठवू नका."