पोन्नीचे दोन शेवट

ब्लॉगच्या नावाशेजारी एक कुलूप होतं. भाताच्या शिताएवढं, राखाडी. चेन्नईत अंबत्तूरच्या कामावरून परतणाऱ्या बसमध्ये चंद्रिकेने ते नेहमीसारखं आधी पाहिलं आणि मग पान उघडलं. कुलूप दिसतंय म्हणजे ब्लॉग फक्त तिलाच दिसतो. जागा फुकटची होती. ती तिने लिखाणाचं कपाट म्हणून वापरली होती. प्रत्येक कामाला एक लेबल. 'स्वयंपाकघरातलं रसायन', 'मुलांसाठी', 'एन्नोर'. अर्धवट मजकूर मसुद्यांत राहायचा. पूर्ण झालेलाही मसुद्यांतच राहायचा.

'एन्नोर' ही कादंबरी होती. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागली तेव्हा चंद्रिका खाडीच्या पाण्याचे नमुने घ्यायला तिकडे जायची. तिथल्या बायका पाहून तिला पोन्नी सुचली. वडिलांची होडी चालवणारी, वीजकेंद्राच्या राखेने गढुळलेल्या खाडीत अजून जाळं टाकणारी. भावाने तिला शहरात बोलावलं आहे. ती जाते की राहते, इथे कादंबरी अडली होती. चंद्रिकेने दोन्ही शेवट लिहून ठेवले होते. एकात पोन्नी होडी विकून जाते. दुसऱ्यात राहते. त्या पाण्यात काय काय आहे ते चंद्रिकेला ठाऊक होतं, त्यामुळे शहाणपण पहिल्या शेवटात होतं. पण पुन्हा पुन्हा उघडून वाचायची ती दुसराच.

फोन वाजला. पुण्याहून नंदिता, प्रकाशनाची संपादक.

"चंद्रिकाताई, आज तरी सांगा. उद्या छपाईचं वेळापत्रक ठरतंय. तुमची जागा मी आता आणखी धरून ठेवू शकत नाही."

"तपासतेय."

"मागच्या दिवाळीतही तपासतच होतात! अहो, कुणाला तरी वाचायला द्या ना. घरी कुणी नाही का?"

घरी होते. नवरा व्यंकटेश आणि सासूबाई राजसबाई. तंजावरकडचं घराणं. बोलणं पिढ्यान्‌पिढ्या मराठी, पण शाळा तमिळ. देवनागरी दोघांनाही वाचता येत नव्हती. चंद्रिकेचं माहेर सोलापूरचं, म्हणून तिला येत होती. प्रयोगशाळेतून एकही अहवाल दुसऱ्याच्या सहीशिवाय बाहेर पडत नसे. घरी दुसरी सही करणार कोण? हे कारण सोयीचं आहे, हेही तिला कळत होतं.

"संध्याकाळी कळवते," ती म्हणाली.

अण्णा नगरला उतरून ती इमारतीच्या फाटकातून आत आली. कडुनिंबाखालच्या बाकावर राजसबाई बसल्या होत्या. भोवती शेजारणी. तळमजल्यावरची रम्या पायरीवर लसूण सोलत होती. राजसबाई तमिळमध्ये काहीतरी सांगत होत्या. चंद्रिका हसून पुढे जाणार, इतक्यात तिच्या कानावर नाव पडलं. पोन्नी.

ती जागीच थांबली.

"अय्यो, त्या भावाला थोडी अक्कल असती तर!" एक शेजारीण म्हणाली.

"भाऊ चांगला आहे हो," रम्या म्हणाली. "बायकोपुढे त्याचं काही चालत नाही, एवढंच."

"तुला बरं माहीत! घरचाच अनुभव की काय?"

सगळ्या हसल्या. चंद्रिका हसली नाही. तिला तिचा जुना फोन आठवला. पोंगलच्या सुमारास तो तिने सासूबाईंना दिला होता. त्यांचे डोळे अधू झालेले, म्हणून व्यंकटेशने त्यात मजकूर मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय करून दिली होती. त्या फोनवर ब्लॉग उघडाच राहिला होता. तो बंद करायचं तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. घरात देवनागरी वाचणार कोण?

सासूबाईंनी वाचलं नव्हतं. ऐकलं होतं. ती कामावर गेली की दुपारी, एकेक मसुदा.

तेवढ्यात राजसबाईंची नजर तिच्यावर गेली. त्यांनी नजर काढून घेतली आणि आवाज जरा चढवला.

"तर ऐका, आज शेवट. पोन्नी होडी विकते. भावाकडे राहायला येते, इथेच, आपल्या अण्णा नगरला. सुखाने राहते. संपली गोष्ट."

"चांगलं झालं की," कुणीतरी म्हणालं. "त्या घाण पाण्यातून सुटली बिचारी."

"चांगलं कसलं?" रम्याने लसूण खाली ठेवला. "अख्खी गोष्टभर ती भरती-ओहोटी बघून उठते, जेवते, झोपते. इथे काय बघून उठणार? समोरच्यांची गच्ची?"

"ती जात नाही," चंद्रिका म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. तिचा आवाज तिलाच मोठा वाटला.

रम्या हसू लागली. "अक्का, तुम्हाला काय माहीत? गोष्ट पाट्टींची आहे. रोज त्याच रचून सांगतात."

रम्या राजसबाईंना पाट्टी, म्हणजे आजी, म्हणायची. सगळ्याच म्हणायच्या. चंद्रिकेने सासूबाईंकडे पाहिलं.

"आत्याबाई, तुम्ही यांना असं सांगितलंत?"

"मी कशाला सांगू?" राजसबाई पदर सारखा करत मराठीत, हळूच म्हणाल्या. "त्याच म्हणतात. मी नाही म्हटलं नाही. दुसरं कुणी 'माझी' म्हणत नव्हतं ना."

त्यांनी बाकावर सरकून जागा केली. चंद्रिका बसली नाही. खांद्यावरची पिशवी तिने तेवढी खाली ठेवली.

"गोष्ट माझी आहे," ती सासूबाईंना म्हणाली. मग सगळ्यांना कळावं म्हणून तमिळमध्ये म्हणाली, "मी लिहिलीय. पुण्याला तिचं पुस्तक होतंय. आणि पोन्नी एन्नोर सोडत नाही."